एकच नाद

शास्त्रपाठ : २ इतिहास ५:११–१४, १ इतिहास २५:६–८



लखनौच्या हजरतगंज भागात १८६० साली बांधलेले ख्राइस्ट चर्च आजही उभे आहे. तेथून जवळच, कैसरबागेत, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने १९२६ साली सुरू केलेले संगीत महाविद्यालय आता विद्यापीठ झाले आहे. मुंबईचे हे मराठी वकील देशभर फिरले. उस्तादांच्या कंठात राहिलेल्या चिजा त्यांनी ऐकल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि शिकू इच्छिणाऱ्या सर्वांसाठी खुल्या केल्या. दुसऱ्याचा कंठ जपून पुढच्या पिढीच्या हाती देणे ही केवढी मोठी सेवा!

भाषांतराच्या कामानिमित्त मी काही महिने हजरतगंजात राहिलो होतो. तेथे पाचसहा मराठी ख्रिस्ती कुटुंबे रविवारी सायंकाळी एका घरी प्रार्थनेस जमत. आपली भजने ध्वनिमुद्रित करून गावाकडच्या नातलगांना पाठवावीत, असे एकदा ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. कॉलेजात शिकणारा एक मुलगा माझा गुरू झाला. पन्नाशी ओलांडलेला शिष्य आणि विशीतला गुरू! परंतु दाविदाच्या काळी गायनात निपुण अशा २८८ जणांच्या सेवेच्या पाळ्या ठरल्या, तेव्हा लहानमोठ्यांच्या आणि गुरुशिष्यांच्या चिठ्ठ्या एकत्रच टाकल्या गेल्या. 'शिष्य' या अर्थाचा 'तल्मीद' हा हिब्रू शब्द संपूर्ण जुन्या करारात केवळ त्याच ठिकाणी येतो. प्रभूच्या सेवेत शिकण्याची लाज कशाला?

पहिला धडा मुद्रणाचा. आम्ही पंखा बंद केला, खिडक्यांवर रजया टांगल्या, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला. संगणकावर शून्य डेसिबल ही आवाजाची कमाल मर्यादा असते. तिच्या वर गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज मागाहून सहसा सांधता येत नाही. म्हणून वर दहाएक डेसिबल जागा मोकळी सोडावी लागते. माझा स्वतःचा आवाज प्रथम ऐकला तेव्हा मी ओशाळलो. ज्या स्वराचा मला अभिमान होता, तो जागोजागी उतरलेला होता. यंत्र खुशामत करीत नाही. दाविदाने परमेश्वराला आपले अंतःकरण पारखण्याची विनंती केली, तीही अशाच सत्यासाठी, नाही का?

दुसरा धडा मिश्रणाचा, आणि येथेच मी चुकलो.

आमच्याकडे दोनच मायक्रोफोन होते. एक सर्वांमध्ये ठेवला. दुसरा नगरकडच्या एका आजींपुढे ठेवला, कारण त्यांचा आवाज क्षीण झाला होता. तरुणपणी परिचारिका म्हणून त्या लखनौस आल्या आणि तेथेच राहिल्या. रात्री मिश्रण करताना त्यांचा कापरा स्वर मला खटकू लागला. त्यांची पट्टी मी थोडी खाली ओढली, मग आणखी थोडी, शेवटी पूर्ण बंद केली. गाणे स्वच्छ झाले असे मला वाटले.

पुढच्या रविवारी सर्वांनी ते ऐकले. आजींनी कानांवर हेडफोन धरून अखेरपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, “भाऊ, गाणं लई गोड झालंय. पण ह्यात मी कुठं हाय?”

मला उत्तर देता आले नाही.

घरी येऊन मी पुन्हा ऐकू लागलो. प्रत्येक कडव्याच्या आरंभी क्षणभर एक पोकळी राहत होती. ती तेथे का आहे हे मला आधी समजलेच नव्हते. सगळी कडवी फक्त आजींनाच तोंडपाठ होती. त्या पहिला शब्द उचलीत आणि मग बाकीचे त्यांच्यामागून येत. ज्या स्वराला मी दोष समजून पुसले, त्याच्याच आधारावर आम्ही सारे गात होतो! अशक्त वाटणारे अवयवच अधिक आवश्यक आहेत, हे पौलाचे म्हणणे (१ करिंथ १२:२२) मी कितीदा तरी समजावून सांगितले होते. त्या रात्री ते मी प्रथमच ऐकले.

शलमोनाच्या मंदिरात कोश आणला तेव्हा १२० याजक कर्णे वाजवीत होते. शेजारी झांजा, सतारी, वीणा आणि गायक. इतक्या कर्ण्यांपुढे वीणेचा निभाव कसा लागावा? तरीही सर्वांचा मिळून एकच नाद ऐकू येत होता, असे शास्त्र सांगते. तेथील 'कोल' या हिब्रू शब्दाचे आवाज, वाणी, नाद असे तिन्ही अर्थ होतात. तो नाद एक होता. पण तो करण्यासाठी वीणा बाहेर ठेवली नव्हती. आणि त्याच समयी परमेश्वराचे मंदिर मेघाने भरून गेले.

मी आजींची पट्टी वर आणली आणि माझी खाली नेली. पुढच्या रविवारी सर्वांदेखत त्यांची क्षमा मागितली.

तिसरा धडा अंतिम संस्काराचा, ज्याला मास्टरिंग म्हणतात. तयार गाणे महागड्या हेडफोनवर ऐकून भागत नाही. साध्या मोबाईलवर, मोटारीत, म्हाताऱ्या माणसाच्या कानाशीही ते पोहोचते की नाही हे पाहावे लागते. भाषांतराचेही तसेच आहे. मसुदा विद्वानांना पसंत पडला तरी तो सामान्य श्रोत्याला वाचून दाखवावा आणि त्याला काय समजले ते विचारावे लागते. सेवेची परीक्षा घेणाऱ्याच्या कानाशी होते.

प्रिय वाचका, तुझ्या घरी वा मंडळीत गाणे मुद्रित करण्याची कला कोणी शिकत असेल तर त्याला उत्तेजन दे. वृद्धांच्या ओठांवरची भजने त्यांच्यासोबत मातीआड होण्यापूर्वी जपून ठेव. परंतु त्याबरोबर एक प्रश्नही स्वतःला विचार: गाणे स्वच्छ व्हावे म्हणून आपण कोणाला गप्प केले आहे? त्या विधवेला, त्या अडखळत प्रार्थना करणाऱ्या मजुराला, की नव्याने आलेल्या कुटुंबाला? कदाचित ते आज मागच्या बाकावर बसून आपल्या गाण्यात स्वतःचा आवाज शोधत असतील.

हे प्रभू, आमचे कान उघड. आमचा स्वर नम्र कर, आणि ज्यांचा आवाज आम्ही दाबला त्यांची क्षमा मागण्याचे धैर्य आम्हांस दे. आमेन.