मिटवले म्हणजे मिटले का?

आषाढीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप समूहात कुणीतरी दीड मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीची माळ, कमरेवर हात, असा एक पोरगेलासा मुलगा विटेवर उभा होता आणि दर्शनाचे दर सांगत होता. कळस पाहायला इतके, मुख पाहायला इतके, पायांवर डोके ठेवायचे तर इतके. खाली मजकूर होता : 'आपल्या विठ्ठलाची विटंबना. प्रत्येकाने तक्रार करावी.'

आमचे घराणे तीन पिढ्यांपूर्वी होळकरांच्या चाकरीसाठी इंदूरला आले. आजोबांनी इथूनही पंढरीची वारी चुकवली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तक्रारीचे बटण दाबले. 'कशाबद्दल?' असे यंत्राने विचारले आणि पाच-सात पर्याय पुढे ठेवले. त्यातला धर्मद्वेषाचा निवडला. संध्याकाळी पाहतो तो व्हिडिओच्या जागी करडा चौकोन. खोटे कशाला सांगू, मला बरे वाटले. आजोबांचे काही ऋण फेडल्यासारखे वाटले.

पंधरा दिवसांनी कळले, की तो मुलगा आमच्याच वस्तीतला. मराठी शाळेत माझ्या भाचीच्या वर्गात होता. त्याने केले होते ते बारा मिनिटांचे भारूड. आपल्याकडे आला होता तो कुणीतरी कापलेला तुकडा. मूळ भारुडात शेवटी एक म्हातारी पैसे नाहीत म्हणून रस्त्यावरूनच कळसाला हात जोडते, आणि विठ्ठल विटेवरून उतरून तिच्याकडे चालत जातो. दर सांगणारा विठ्ठल नव्हताच, विठ्ठलाच्या नावावर दुकान मांडणारा होता. तुकड्याबरोबर ते बारा मिनिटांचे भारूडही गेले. मुलाने दाद मागितली, तेव्हा त्याला दोन ओळींचे छापील उत्तर मिळाले. कोणते वाक्य खटकले, कुणाला खटकले, काहीच नाही.

तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. माझे दुखणे खोटे नव्हते. पण खरे दुखणे झाले म्हणून माझी तक्रार खरी ठरते का?

आमच्या इंदुराला हा प्रश्न नवा नाही. 1 जानेवारी 2021 रोजी इथल्या छप्पन दुकान भागातल्या एका कॅफेत विनोदी कार्यक्रम चालू असता मुनव्वर फारुकी या कलावंताला अटक झाली. त्याच्याबरोबर आणखी काही तरुण होते. देवदेवतांचा अपमान केल्याची तक्रार होती. त्या संध्याकाळी तो नेमके काय बोलला याबद्दल वाद राहिला, परंतु यूट्यूबवरच्या त्याच्या जुन्या विनोदाचा राग त्या कॅफेपर्यंत पोचला होता हे उघड आहे. उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने 28 जानेवारीला जामीन नाकारला. 5 फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने तो अंतरिम जामीन दिला. पाच आठवडे एक माणूस तुरुंगात होता. त्याचे विनोद मला आवडणारे नाहीत, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण आवडीच्या माणसाला न्याय मिळावा असे कुणालाही वाटते.

त्याच जानेवारीत 'तांडव' या मालिकेबद्दल गदारोळ झाला. निर्मात्यांनी माफी मागून दृश्ये काढली. 2024 च्या जानेवारीत 'अन्नपूर्णी' हा तमिळ चित्रपट नेटफ्लिक्सवरून आख्खाच उतरवण्यात आला. हा रोग एकाच धर्माचा आहे असेही कुणी समजू नये. 2012 साली प्रेषितांविषयीच्या एका हिणकस चित्रफितीवरून जगभर दंगे उसळले. यूट्यूबने ती इजिप्त आणि लिबियात आपणहून आणि भारतात सरकारच्या सांगण्यावरून रोखली. पाकिस्तानने तर सबंध यूट्यूबच बंद केले, ते 2016 पर्यंत. एका फितीपायी तिथली मुले गणिताच्या आणि संगीताच्या धड्यांनाही मुकली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. धार्मिक भावना दुखावण्याचे 295अ हे कलम इंग्रजांनी 1927 साली, लाहोरातल्या एका पुस्तकावरून झालेल्या प्रक्षोभानंतर, दंडसंहितेत घातले. आज ते भारतीय न्याय संहितेत 299 व्या क्रमांकाने आहे. या कलमावर टीका पुष्कळ झाली, होतही राहील. पण त्यात एक शहाणपण आहे. नुसती भावना दुखावणे त्याला पुरत नाही. बोलणाऱ्याने ते जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने केले पाहिजे. म्हणजे निदान कागदावर तरी कायदा थांबतो आणि विचारतो, 'बाबा रे, तुझ्या मनात काय होते?' माझ्या बोटाखालच्या बटणाने हे विचारले नाही. त्याने फक्त मला विचारले, तुला काय झाले? आरोपीला बोलावले नाही, आणि फिर्यादीलाही समोर उभे केले नाही. सरकारच्या आदेशाने जे रोखले जाते त्याचीही गत फारशी वेगळी नाही. त्याविषयीच्या 2009 च्या नियमांत ही सारी कारवाई गोपनीय ठेवण्याची तरतूद आहे.

हेतू किती नाजूक असतो हे तुम्हा-आम्हा दुभाषिक मुलखातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. तुमच्या अंगणात कानडी, आमच्या अंगणात हिंदी नि माळवी. आपण विठोबाला 'अरे' म्हणतो. जनाबाईने त्याच्याशी भांडण केले ते आपण भक्तीच म्हणून गातो. हेच शब्द दुसऱ्या भाषेत जसेच्या तसे नेऊन ठेवा, आणि ऐकणाऱ्याला वाटेल, हा देवाला शिवी देतो आहे. सीमेवर राहणाऱ्याला हे रोज अनुभवाला येते, की शब्द पलीकडे जातो आणि हेतू नाक्यावर अडकतो. मग दीड मिनिटाच्या तुकड्यातून, कुठल्या गावी बसून, आपली भाषा न जाणणारा माणूस किंवा यंत्र तो हेतू कसा ओळखणार?

मकबूल फिदा हुसेन यांची गोष्ट आठवते. जन्म पंढरपूरचा, बालपण इंदुरातले. देवळालीकर मास्तरांच्या ज्या चित्रशाळेत आमचे बेंद्रे घडले, तिथेच यांनीही रेघा गिरवल्या. पुढे त्यांच्या भारतमातेच्या चित्रावरून ठिकठिकाणी फिर्यादी दाखल झाल्या, त्यांत पंढरपूरही होते आणि इंदूरही. जन्मगावाने आणि शिक्षणाच्या गावाने, दोघांनीही त्यांना आरोपी केले. 2008 च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण तोवर ते परदेशी गेले होते. 2011 साली लंडनला वारले. दुसरीकडे, त्यांचाच 'मीनाक्षी' हा चित्रपट 2004 साली एका गाण्यावर मुसलमान संघटनांनी आक्षेप घेतला म्हणून चित्रगृहांतून काढून घ्यावा लागला. एकच माणूस दोन्ही बाजूंना दुखवून गेला. दुखणारे वेगळे, उपाय एकच : दिसेनासे करा.

इथे कुणी म्हणेल, मग काय वाटेल ते दाखवू द्यायचे? नाही. 'अमक्या वस्तीत चला, तमक्यांना ठोका' असे सांगणारा व्हिडिओ एक घटकाही राहता कामा नये. तिथे सुनावणीला वेळ नसतो, कारण कुणाचे तरी घर जळणार असते. कुणाच्या तोंडी खोटे शब्द घालून दंगल पेटवणारी फीतही तशीच. पण 'माझा जीव धोक्यात आहे' आणि 'माझे मन दुखले आहे' या दोन फिर्यादी एका चौकशीत बसत नाहीत. पहिलीला पोलीस हवा. दुसरीला ऐकणारा माणूस हवा. आपण दुसरीलाही पोलीस पाठवतो आणि मग मन तसेच दुखत राहते, कारण त्याचे म्हणणे कुणी ऐकलेलेच नसते.

परंपरा सांगते, की तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या गेल्या. लावणारे रामेश्वर भट विद्वान होते, त्यांचाही धर्म दुखावला होता. पण तीच परंपरा पुढे सांगते, की हेच रामेश्वर भट नंतर तुकोबांपाशी आले आणि त्यांचे शिष्य झाले. आपण वह्या तरल्याचा चमत्कार सांगत बसतो. मला या वयात दुसरा चमत्कार मोठा वाटतो : दुखावलेला माणूस चालत आला आणि ऐकायला बसला.

म्हणून मी त्या मुलाला घरी बोलावले. आधी कबूल केले, तक्रार करणाऱ्यांत मीही होतो. तो गप्प झाला. मग म्हणाला, "काका, तुम्ही मला फोन का नाही केला?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे, एकादशी सोडत नाही. ती म्हणाली, "काय ते माझ्यासमोर करून दाखव." पोराने ओसरीवर पाट ठेवला, त्यावर उभा राहिला आणि बाराही मिनिटे भारूड केले. आई दोनदा खळखळून हसली. म्हातारी कळसाला हात जोडते तिथे तिने पदर डोळ्यांना लावला. संपल्यावर म्हणाली, "बाळा, सगळं बरोबर केलंस. पण माझ्या पांडुरंगाच्या तोंडी पैसे घालू नकोस. तो दर सांगणारा बाजूला उभा कर, विटेवर नको." मुलगा म्हणाला, "पण आजी, विटेवर उभा राहिला म्हणून तर लोक थांबून बघतात." आई म्हणाली, "बघतात, पण माझ्यासारखीला दुखतं ते." दोघेही हटले नाहीत. चहा झाला. जाताना त्याने आईच्या पायांवर डोके ठेवले आणि "विचार करतो, आजी" एवढेच म्हणाला.

त्याने पुढे काय ठरवले हे मी विचारलेले नाही. तो त्याचा अधिकार. तो करडा चौकोन मात्र अजून जिथल्या तिथे आहे, आणि तिकडे पाहिले की मला माझे बोट आठवते.