नोंदवहीतली सही

दरवर्षी १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि मिरकरवाडा बंदरात नौका शाकारण्याची लगबग सुरू होते. पुढचे दोन महिने बंदरात तांडेलापेक्षा मेकॅनिकला जास्त मागणी असते. इंजिन उघडले जाते, पंप साफ होतो, झिजलेले वॉशर बदलले जातात. ऑगस्टमध्ये नौका पुन्हा समुद्रात जातात, मेकॅनिक मात्र किनाऱ्यावरच राहतो. "काम झालंय, घेऊन जा," हा त्याचा शब्द तेवढा खलाशांबरोबर जातो. तो शब्द खरा असेल तर पुढे काहीच घडत नाही. आणि काही घडले नाही म्हणून आभार मानायला कोणी त्याच्याकडे येत नाही.

या रविवारी आम्ही वाचकांना याच धंद्यातल्या, पण फार वेगळ्या जागी काम करणाऱ्या माणसाची ओळख करून देणार आहोत. आपल्याकडची कितीतरी मुले आय.टी.आय.मधून फिटर, वायरमन, एसी मेकॅनिक होऊन पुण्या-मुंबईला जातात. तशा हातांची गरज कारखान्यांना असते, तशीच घातक विषाणूंवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांनाही असते. अशी एक प्रयोगशाळा पुण्यात पाषाण येथे आहे. राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची, म्हणजे आपण वर्तमानपत्रात वाचतो त्या एन.आय.व्ही.ची ही प्रयोगशाळा २०१२ साली सुरू झाली. जैवसुरक्षेच्या चार पातळ्यांपैकी सर्वांत वरची, चौथी पातळी तिथे पाळली जाते. अशा प्रयोगशाळा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत.

ही संस्था आपल्याला परकी नाही. १९५२ साली ती पुण्यात विषाणू संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात माकडे आणि माणसे एका अनोळखी तापाने मरू लागली, तेव्हा त्याचा विषाणू याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी शोधला. तोच माकडताप २०१६ साली आपल्या शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला. २०१८ साली केरळातील निपाहचे आणि ३० जानेवारी २०२० रोजी देशातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान याच संस्थेत पक्के झाले. माकडतापाच्या सुरुवातीच्या अभ्यासात प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांनाही तो ताप झाला होता. आजच्यासारख्या बंदिस्त खोल्या तेव्हा नव्हत्या. त्या खोल्या का बांधल्या गेल्या, हे यावरून कळते.

अशा खोलीचे रहस्य तसे साधे आहे. आतल्या हवेचा दाब मुद्दाम बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो. त्यामुळे दार उघडले तरी हवा बाहेरून आत जाते, आतली बाहेर येत नाही. बाहेर सोडायची हवा हेपा नावाच्या गाळणीतून जाते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाच्याही तिसऱ्या हिश्शाहून लहान, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ती गाळणी १०० पैकी ९९.९७ या प्रमाणात अडवते. दोन दारांपैकी एक उघडे असताना दुसरे उघडत नाही. सांडपाणी उष्णतेने किंवा रसायनाने निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाहीत. काही प्रयोगशाळांत माणूस डोक्यापासून पायापर्यंत बंद पोशाखात काम करतो आणि श्वासासाठी हवा त्याला नळीतून मिळते. वीज गेली तर जनरेटर लगेच सुरू व्हावा लागतो.

आता विचार करा, यातले शास्त्रज्ञाच्या हातात किती आहे? पंखा, गाळणी, झडप, दाराचे रबर, कॉम्प्रेसर, जनरेटर ही सगळी मेकॅनिकची माणसे! त्याचे बरेचसे काम प्रयोगशाळेच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर, नळ आणि वाहिन्यांच्या जंजाळात चालते. आत जायचे झाले तर ठरावीक काळाने प्रयोगशाळा पूर्ण बंद करतात, विषाणू सुरक्षित कपाटांत ठेवतात, खोली वायूने निर्जंतुक करतात आणि मग मेकॅनिकला बोलावतात. तो दाबमापके तपासतो, गाळणीच्या चौकटीला कुठे केसाएवढी फट आहे का ते यंत्राने बघतो आणि नोंदवहीत सही करतो.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. मेकॅनिक आत शिरतो तो "खोली निर्जंतुक झाली आहे" या शास्त्रज्ञाच्या सहीवर विश्वास ठेवून. शास्त्रज्ञ पुन्हा कामाला लागतो तो "गाळणी नीट आहे" या मेकॅनिकच्या सहीवर विश्वास ठेवून. एकाचा पगार मोठा, दुसऱ्याचा लहान. एकाचे नाव मासिकात छापून येते, दुसऱ्याचे येत नाही. पण त्या दोन सह्यांपुरते दोघे अगदी समान आहेत. दोघांनी आपला जीव एकमेकांच्या शब्दावर ठेवलेला आहे. आणि भिंतीबाहेर राहणाऱ्या, ज्यांना यातले काही ठाऊकही नाही अशा लोकांचा जीवसुद्धा.

तो शब्द चुकला तर काय होते? २ एप्रिल १९७९ रोजी त्या वेळच्या सोव्हिएत संघातील स्वेर्दलोव्स्क शहरात एका लष्करी केंद्रातून काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे, जंतू हवेत सुटले. किमान ६६ माणसे दगावली. सरकारने दोष खराब मांसावर ढकलला. खरे कारण लष्करी केंद्र होते, हे १९९२ साली अध्यक्ष येल्त्सिन यांनी मान्य केले. तिथल्या जैविक शस्त्रांच्या कामात मोठ्या पदावर असलेले आणि पुढे अमेरिकेत गेलेले केन अलिबेक यांनी १९९९ च्या आपल्या पुस्तकात याची हकिगत दिली आहे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, तुंबलेली गाळणी काढली होती आणि नवी बसवायची होती. पाळीप्रमुखाने तशी चिठ्ठी लिहून ठेवली, पण नोंदवहीत लिहिले नाही. पुढच्या पाळीच्या माणसाने नोंदवही पाहिली. तिच्यात काही नव्हते, म्हणून त्याने यंत्र सुरू केले. एक ओळ लिहायची राहून गेली, एवढेच!

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. ऑगस्ट २००७ मध्ये सरे परगण्यात गुरांना लाळ्या-खुरकूत झाला. जवळच पर्ब्राइट येथे या रोगाच्या विषाणूवर काम करणारी एक संशोधन संस्था आणि एक खासगी लस कंपनी एकाच आवारात होत्या. चौकशीत आढळले की तिथले सांडपाण्याचे नळ जुने आणि गळके होते. विषाणू मातीत मुरला असावा आणि बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांबरोबर आवाराबाहेर गेला असावा, असा निष्कर्ष निघाला. दोन हजारांवर जनावरे मारावी लागली. वाईट हे की नळ बदलायला हवेत, ही गोष्ट आधीच माहीत होती. खर्च कोणी करायचा, एवढ्यावर काम अडले होते.

या दोन घटना नीट पाहिल्या तर दोन वेगळे अपराध दिसतात. पहिल्या ठिकाणी सांगायचे ते सांगितले गेले नाही. दुसऱ्या ठिकाणी सांगितलेले ऐकले गेले नाही. पहिल्याला आपण हलगर्जीपणा म्हणतो आणि लगेच गुन्हेगार शोधतो. दुसऱ्याला मात्र आपण 'अडचण' म्हणतो, 'बजेट' म्हणतो, 'पुढच्या बैठकीत पाहू' म्हणतो. आमच्या मते दुसरा अपराध अधिक जड आहे. विसरणाऱ्याला माहीत नव्हते किंवा आठवले नाही. टाळणाऱ्याला मात्र सगळे माहीत होते.

कोणी म्हणेल, एवढे मोठे ओझे एका मेकॅनिकच्या खांद्यावर टाकणे न्यायाचे आहे का? नाहीच. ज्याच्या हातात पैसा आणि अधिकार जास्त, त्याची जबाबदारी जास्त. नवी गाळणी विकत घेणे मेकॅनिकच्या हातात नसते. पण "ही गाळणी चालणार नाही" एवढे म्हणणे त्याच्याच हातात असते. तो शब्द त्याच्याऐवजी दुसरा कोणी देऊ शकत नाही. आणि तो देण्याची किंमत त्याला मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही. काम थांबते, साहेब चिडतात, "तूच एक शहाणा" असे ऐकावे लागते. कंत्राटी माणूस असेल तर पुढच्या वर्षीचे कंत्राट जाण्याची भीती असते. म्हणून "सगळे ठीक" अशी खोटी सही जेव्हा होते, तेव्हा हात एकाचा असला तरी शाई पुष्कळ जणांची असते. त्याला खरे बोलणे महाग करून ठेवणाऱ्या प्रत्येकाची.

हे लिहिताना आम्हाला आमचेच घर आठवले. विहिरीवरचा पंप बघायला आलेल्या वायरमनने सांगितले होते, "अर्थिंग बरोबर नाही, बदलून घ्या." आम्ही म्हणालो, "चालतोय ना? गणपतीनंतर बघू." तो काही न बोलता निघून गेला. गणपती गेले, नाताळ आला. पंपाने कोणाला शॉक दिला नाही आणि उन्हाळ्यात केव्हातरी आम्ही ते काम करून घेतले. मग आमचे काही चुकले का? काहीच तर घडले नाही!

असे म्हणून सुटका होत नाही. ओल्या हातांनी पंप सुरू करणारी आमच्या घरातली माणसे ते आठ महिने जिवंत राहिली ती नशिबाने, आमच्या शहाणपणाने नव्हे. जो टाळतो आणि ज्याच्या घरी अपघात होतो, आणि जो टाळतो आणि ज्याच्या घरी काहीच होत नाही, या दोघांच्या मनात त्या क्षणी काही फरक नसतो. फरक पुढे पडतो आणि तो त्यांच्या हातात नसतो. पर्ब्राइटच्या बैठकांत बसलेली माणसे काही दुष्ट नव्हती. ती आमच्यासारखीच होती. आणि आमच्या बोलण्याने आणखी एक गोष्ट झाली, ती आम्हाला उशिरा कळली. तो वायरमन पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने सांगितलेले काम केले, पैसे घेतले आणि आपणहून काहीही सांगितले नाही. सांगून उपयोग नाही, हे आम्हीच त्याला शिकवले होते.

पाषाणची प्रयोगशाळा आपल्यापैकी बहुतेकांना आतून कधीच पाहायला मिळणार नाही. पण आपल्या घरी गॅसवाला, वायरमन, गवंडी येतोच. मुलांच्या शाळेची गाडी दुरुस्तीला जातेच. ज्यांच्या चांगल्या कामाची खूण म्हणजे काहीच न घडणे, अशा माणसांच्या भरवशावर आपण रोज रात्री निश्चिंत झोपतो. त्यांना मजुरी वेळेवर द्यावी, हे तर झालेच. पण पैसे हातात ठेवताना एक प्रश्नही विचारावा: "अजून काही सांगायचं राहिलंय का?" आणि तो जे सांगेल ते खर्चाचे असले, गैरसोयीचे असले, तरी त्याच्यासमोर कागदावर लिहून घ्यावे. त्याखाली तारीख टाकावी आणि सही आपण करावी.