घाटनदेवीपाशी थांबलेली गाडी

आमच्या मागच्या गल्लीतला एक मुलगा गेल्या वर्षी ट्रकवर लागला. घरात आजवर कुणी ड्रायव्हर नाही, बाप टमाटे लावतो. कारचं लायसन्स वर्षभर जुनं झाल्याशिवाय जड वाहनाचं शिकाऊ लायसन्सही मिळत नाही, म्हणून त्याने ते वर्ष काढलं. मग ट्रेनिंग स्कूलचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, आरटीओतली टेस्ट. सगळं रीतसर. वय 22. कागद सगळे होते, फक्त अनुभव नव्हता. ट्रान्सपोर्टच्या ज्या ऑफिसात जाई तिथे पहिला प्रश्न एकच, ‘कुठल्या लाइनवर चालवलीय?’ तिथेच त्याचं घोडं अडे.

शेवटी ऐन सीझनमध्ये एका शेठला ड्रायव्हर मिळेना, तेव्हा किल्ली हातात आली. दहा चाकी गाडी, पिंपळगाव बसवंतहून कांदा भरून वाशीच्या मार्केटला. अशी गाडी मालासकट साडेअठ्ठावीस टनांपर्यंत जाते. सोबत क्लीनर नाही.

हा क्लीनर, म्हणजे गावाकडच्या भाषेत किन्नर, रस्त्यावरून हळूहळू दिसेनासा होत चाललाय. त्याचा पगार आणि भत्ता वाचतो, हे सरळ कारण. पण ट्रकच्या धंद्यातली शाळा तीच होती. पोऱ्या आधी काच पुसायचा, टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायचा, ताडपत्रीचे दोर आवळायचा, रिव्हर्सला मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ करायचा. दोनेक वर्षांनी मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग, तेही उस्तादाची झोप झाली असेल तरच. भरलेल्या गाडीचा घाट सगळ्यात शेवटी. या शाळेचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. तिथे मिसरूड न फुटलेली पोरं गाडीखाली झोपत, पान्याचा मार खात, पगार मागितला तर ‘शिकतोयस ना?’ हे उत्तर घेत. ती शाळा मोडली याचं मला दुःख नाही. तिच्या जागी काय आलं, एवढंच विचारायचं आहे.

केंद्र सरकारने 2021 साली मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग केंद्रांचे नियम केले. त्यात जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत 38 तासांचा आहे. काहीच नसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. पण 38 तासांनंतरचा एकोणचाळिसावा तास कुणासोबत काढायचा, ते त्यात नाही. लायसन्स नसलेल्या माणसाच्या हाती गाडी देऊ नये, असं मोटार वाहन कायदा मालकाला बजावतो. आमच्या शेठने लायसन्स पाहिलं होतं. कायद्यापुरता तो मोकळा.

वाशीच्या वाटेवरच्या कसारा घाटातून रेल्वेही जाते. तिथला चढ 37 फुटांना 1 फूट, वर येणाऱ्या गाडीला मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रेल्वेत नव्याने भरती झालेल्या माणसाच्या हाती कुणी पहिल्या दिवशी गाडी देत नाही. तो सहायक लोको पायलट म्हणून लागतो आणि जुन्या माणसाशेजारी बसून सिग्नल मोठ्याने उच्चारतो. पुढे त्याला स्वतःची गाडी मिळते ती आधी मालगाडी. शेजारच्या डांबरी रस्त्यावर मात्र नवशिका शिकतो तो तुमच्या-माझ्या जिवावर, आणि स्वतःच्या.

तर, आमचा पोरगा इगतपुरीपर्यंत व्यवस्थित आला. रात्रीचे साडेअकरा. घाटाच्या तोंडाशी, घाटनदेवीच्या देवळापाशी त्याने गाडी बाजूला घेतली, हात जोडले, पण गाडी पुढे न्यायला त्याचा धीर होईना. शेठला फोन केला, ‘मला भरल्या गाडीने घाट जमणार नाही.’

‘मग लायसन्स काय शोभेला काढलं का?’

शेठलाही मी राक्षस करणार नाही. गाडीचा हप्ता आहे, कांदा सकाळी मार्केटला पोचायला हवा, डिझेलचा हिशेब लिटरवर चालतो. पण ‘येत नाही’ म्हणणाऱ्याला आपण सगळेच किती स्वस्तात हसतो! मुलाखतीत ‘येतं’ म्हणणारा निवडला जातो आणि कामावर ‘विचारून सांगतो’ म्हणणारा कच्चा ठरतो. कागदावरच्या चुकीचं ठीक आहे, कागद फाडता येतो. रस्त्यावर तसं नसतं. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री एकाच ट्रकने कितीतरी गाड्या ठोकरल्या. त्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करण्याची खोड जुनी आहे. न्यूट्रल केली की इंजिनाचा रोध गेला, सगळा भार ब्रेकवर. पाय सतत दाबून ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो, आणि मग पेडल दाबलं तरी गाडी ऐकत नाही. हे माहीत असणं वेगळं आणि पायाला माहीत असणं वेगळं. ते अजून पायाला माहीत नाही, हे त्या पोराला ठाऊक होतं. माझ्या मते, त्या रात्री त्या रस्त्यावर एवढी जबाबदारीची गोष्ट दुसऱ्या कुणी केली नसेल. त्याबद्दल त्याचा दीड हजारांचा भत्ता कापला गेला.

टपरीवर एक उतारवयाचा ड्रायव्हर चहा पीत होता. त्याने फोन ऐकला होता. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर ठोकले, हवेचा काटा पाहिला.

‘माझ्या मागं ये. जेवढा गिअर चढायला लागतो, तेवढाच उतरायला. तिसरा टाक आणि विसर. माझा मागचा लाल दिवा लागला तरच तू पाय लावायचा. लागला की सोडायचा. मागून कितीही हॉर्न मारू देत.’

कसाऱ्याला उतरायला दोन्ही गाड्यांनी भरपूर वेळ घेतला. मागच्यांनी शिव्या घातल्या असणार. खाली आल्यावर म्हाताऱ्याने हात बाहेर काढून हलवला आणि तो शहापूरकडे निघून गेला.

‘काका,’ पोरगा मला म्हणाला, ‘मला दोन दिवसांनी सुचलं. माझे ब्रेक गेले असते तर मी त्यांच्यातच घुसलो असतो ना? मग ते पुढं कशाला राहिले?’

‘नाव विचारलंस का?’

नाव विचारायचं राहिलं होतं. गाडीचा नंबर मात्र त्याला पाठ आहे, घाटभर डोळ्यांसमोर तेवढंच तर होतं.