भूकंप आणि पाप

गणरायाचे विसर्जन करून किल्लारी-सास्तूर परिसरातील माणसे निजली, आणि दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास धरणी हादरली. सुमारे दहा हजार जीव गेले. हे कोणत्या पापाचे फळ म्हणावे?

प्रश्न नवा नव्हे. सन १९३४ च्या बिहारमधील भूकंपास महात्माजींनी अस्पृश्यतेच्या पापाबद्दलचे ईश्वरी शासन म्हटले. अस्पृश्यता रवींद्रनाथांनाही अमान्यच होती, तरी त्यांनी या मतास जाहीर विरोध केला. आमचे मन रवींद्रनाथांकडे झुकते. पाळण्यातील बालकाने कोणाचा विटाळ मानला होता? पूर्वजन्मीचे कर्म, असे कोणी म्हणेल. परंतु कर्मसिद्धान्त हा स्वतःच्या आचरणाची झडती घेण्यासाठी आहे. परक्याच्या प्रेताशेजारी उभे राहून निवाडा देण्यासाठी नव्हे.

किल्लारीत माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदांच्या ओझ्याखाली गेली. धरणीचे हलणे कोणाच्या हाती नव्हते. भिंत कशी रचावी हे माणसाच्या हाती होते, जरी गरिबाच्या हाती तेही थोडेच. दि. २२ मे १९९७ रोजी भूकंप झाला तो जबलपूरला, आपल्या बालाघाटाच्या शेजारीच. त्यानंतर आपल्यापैकी किती जणांनी आपल्या जुन्या घराच्या भिंती जाणत्या माणसास दाखविल्या?