दर्शन आणि मुक्काम

जें आवडतें त्याच्या जवळ असावें, ही मनुष्यमात्राची स्वाभाविक इच्छा आहे. परंतु जवळ म्हणजे किती जवळ, आणि त्या जवळिकीचें मोल कोणी द्यावयाचें, हें मात्र आपण सहसा स्वतःस विचारीत नाहीं. एका अगदीं व्यावहारिक प्रसंगानें हा प्रश्न आमच्यापुढें आला, आणि त्याचें उत्तर वाटलें तितकें सोपें नाहीं असें आढळल्यामुळें तो वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रसंग असा. कॅलिफोर्नियांत स्थायिक झालेल्या आमच्या आप्तांकडे आम्ही गेलों असतां, त्या प्रांताच्या उत्तर टोकास समुद्राजवळ असलेलीं रेडवुड वृक्षांचीं प्राचीन वनें पाहण्याचा बेत ठरला. एक मोटारघर, म्हणजे ज्यांत निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असते असें चाकांवरचें घर, भाड्यानें घ्यावयाचें, लहान मोटारही बरोबर न्यावयाची, आणि चार रात्री तिकडे काढावयाच्या. प्रश्न उरला तो तळ कोठें द्यावा एवढाच. तरुण मंडळींचा आग्रह जेडेडाया स्मिथ उद्यानांतील नदीकांठच्या सरकारी तळाचा होता. कारण तो प्रत्यक्ष आदिवनाच्या आंत आहे. दार उघडावें कीं समोर वृक्ष! परंतु तेथें गाडीला विजेची जोडणी मिळत नाहीं, आणि रात्रीं जनित्र चालविण्यास बंदी असते. बरोबरच्या आजोबांना तर श्वासाचें यंत्र लावल्यावांचून निजतां येत नाहीं. जवळच्या क्रेसेंट सिटी गांवांत वीज, पाणी व सांडपाणी या सर्वांची सोय असलेले खाजगी तळ आहेत. पण तेथून वन कांहीं मैल दूर. "एवढ्या लांब येऊन गांवांतच राहावयाचें?" असें नातवानें म्हणतांच आजोबा शांतपणें म्हणाले, "अरे, मी घरींच राहतों. तुम्ही जाऊन या."

त्या वाक्यानें वाद थांबला. परंतु आमच्या मनांतील विचार तेथूनच सुरू झाला. वनाच्या जवळ जाण्यासाठीं घरांतील वडील माणसास दूर ठेवावें, ही कसली जवळीक?

आतां त्या वनाची बाजू पाहूं. हे वृक्ष जगांतील सर्वांत उंच. त्यांतील कित्येकांचें वय दोन हजार वर्षांच्या घरांत जातें. एके काळीं हें वन सुमारे २० लाख एकरांवर पसरलें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चाललेल्या तोडीनंतर त्यांतील आदिवन शेंकडा ५ च्या आसपास उरलें आहे. एवढा थोर वृक्ष, पण त्याचीं मुळें बहुधा ६ ते १२ फुटांहून खोल जात नाहींत. तीं आडवीं पसरतात, शेजाऱ्याच्या मुळांत गुंततात, आणि त्या परस्पर आधारावर सारें वन उभें राहतें. म्हणून बुंध्याभोंवतींची भुसभुशीत माती पावलांनीं दडपली गेली कीं वृक्षाचें जीवनच दडपलें जातें. सर्वांत उंच ठरलेला ३८० फुटांचा 'हायपेरियन' वृक्ष २००६ सालीं सांपडला. तेथें जाण्यास वाट नसतांही लोक इतके गेले कीं बुंध्याजवळ नेचे उगवेनासे झाले. अखेर २०२२ सालीं तो भाग बंद करण्यांत आला, आणि तेथें शिरणाऱ्यास ५००० डॉलरपर्यंत दंड व ६ महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते असें जाहीर झालें. या वृक्षाची ही दशा त्याच्या भक्तांनीं केली, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पाऊल तर डोळ्यांना दिसतें. पण अन्नाचा कण? मार्बल्ड मरलेट नांवाचा एक लहान समुद्रपक्षी आहे. तो समुद्रांत मासे धरतो आणि अंडें घालण्यास या जुन्या वृक्षांवर येतो. घरटें तो बांधीत नाहीं. शेवाळानें मढलेल्या रुंद फांदीवर मादी एकच अंडें घालते. कॅलिफोर्नियांत त्याचें हें स्थान माणसास १९७४ पर्यंत ठाऊकही नव्हतें. तळावरील प्रवाशांनीं सांडलेल्या अन्नासाठीं निळे जे पक्षी व डोमकावळे जमतात, आणि तेच हें एकुलतें एक अंडें खातात. पोळीचा तुकडा खालीं पडला, यांत कोणाचाच दुष्ट हेतु नसतो. तरीही वर, दोनशें फुटांवर, एका वंशाची हानि होते.

यावर कोणी म्हणेल, मग माणसानें तिकडे जाऊंच नये. हें आम्हांस मान्य नाहीं. १९१७ सालीं तीन निसर्गप्रेमी गृहस्थ त्या बाजूस गेले, वृक्षांचें वैभव व त्यांची तोड त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली, आणि त्यांतूनच १९१८ सालीं रेडवुड-रक्षणाची संस्था जन्मास आली. जें कधीं पाहिलेंच नाहीं त्यासाठीं झटणारे थोडेच असतात. शिवाय दूर राहणें म्हणजे पुण्य, असेंही नाहीं. गांवांत राहून रोज मोटार पिटाळणाऱ्यालाही आपला धूर मोजावा लागेल.

आमच्या मतें खरा भेद दर्शन आणि मुक्काम यांतील आहे. देवाच्या दर्शनाची ओढ कितीही उत्कट असली तरी गाभाऱ्यांत आपली वळकटी पसरावी असें कोणा वारकऱ्याच्या मनांत येत नाहीं. दर्शन गाभाऱ्यांत, मुक्काम धर्मशाळेंत. गाभाऱ्यांत दिवसभर जो वावरतो त्या पुजाऱ्यास सोंवळें पाळावें लागतें. तोच न्याय येथें लावावा. वनाच्या आंत राहण्यास परवानगी आहे, आणि कोणी राहिल्यास तो दोषी नव्हे. परंतु त्यानें पुजाऱ्याचें व्रत पत्करावें. कण सांडूं नये, वाट सोडूं नये, आवाज करूं नये. ज्याला सोयी हव्यात, आणि सोयींची गरज म्हणजे पाप नव्हे, त्यानें त्या बाहेर ठेवून आंत जावें. तळ निवडतांना 'मला वन किती जवळ मिळेल' असें न विचारतां 'माझें ओझें मी कोठें उतरवूं' असें विचारलें, तर निवड आपोआप होते.

आम्ही गांवांत राहिलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं लहान मोटारींतून सर्वजण स्टाउट वनराईंत गेलों. तिकडच्या कच्च्या, अरुंद रस्त्यावर मोटारघर नेणें योग्यही नव्हतें. वाट थोडी व बहुतेक सपाट असल्यानें आजोबा हळूहळू सर्वत्र हिंडले. एका पडलेल्या प्रचंड खोडाशीं ते बराच वेळ उभे होते. मग नातवानें भूक लागल्याचें सांगून पिशवींतील लाडवांचा डबा काढला, तेव्हां त्यांनीं त्याच्या हातावर हात ठेवला. "गाडींत बसून खाऊं," ते म्हणाले. नातवानें निमूटपणें डबा मिटला.