सृष्टी, स्रष्टा आणि आमची कुऱ्हाड

गेल्या पावसाळ्यात आमच्या पूर्वीच्या धर्मग्रामातील एक माउली आम्हांला भेटावयास आली. तिची थोरली लेक इंग्लंडमध्ये परिचारिका आहे. "फादर, पोरीने मिस्सा सोडली. जून महिन्यात पहाटे उठून कुठल्याशा दगडांपुढे सूर्य उगवताना उभी राहते म्हणे. घरात मेणबत्ती लावते, पण क्रूसापुढे नाही, झाडाच्या फांदीपुढे," एवढे सांगून ती पदराने डोळे पुसू लागली. आम्ही तत्परतेने पहिल्या आज्ञेचा आधार घेतला, मुलीला पत्र लिहिण्याचे आश्वासन दिले आणि त्याप्रमाणे लिहिलेही. उत्तर आले ते असे, की देवाला मी सोडलेले नाही. पण चर्चच्या आवारातील ज्या चिंचेखाली मी प्रार्थना म्हणावयास शिकले, ती चिंच तुम्ही तोडलीत आणि तेथे गाड्या उभ्या केल्यात. तेव्हा मी आठवीत होते.

ती चिंच आमच्याच कारकिर्दीत तोडली गेली, हे खरे आहे. म्हणून हा विषय आम्हांला पुस्तकी राहिलेला नाही.

'पॅगन' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. लॅटिनमध्ये 'पागुस' म्हणजे गावाकडचा मुलूख आणि 'पागानुस' म्हणजे तेथे राहणारा गावकरी. वाडीत भाजीपाला आणि केळी पिकवणाऱ्या आमच्या बापजाद्यांना या अर्थाने पॅगन म्हटले असते, तर त्यांना राग येण्याचे कारण नव्हते! आज मात्र युरोपात स्वतःला अभिमानाने पॅगन म्हणवणारी माणसे आहेत. आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवतांच्या उपासकांची संस्था १९७२ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. तिचा प्रमुख मेंढ्या पाळणारा एक शेतकरी-कवी होता. इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत २०११ साली सुमारे ५७ हजार आणि २०२१ साली सुमारे ७४ हजार लोकांनी आपला धर्म 'पॅगन' असा नोंदविला. संख्या लहान आहे, पण ती वाढते आहे.

या मार्गाचे अनुयायी त्याला अतिप्राचीन समजतात. इतिहास मात्र वेगळे सांगतो. मलायात जकात खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर यांनी १९५४ साली, म्हणजे जादूटोण्याविरुद्धचा जुना कायदा रद्द झाल्यानंतर तीन वर्षांनी, आपले पुस्तक प्रसिद्ध केले आणि 'विक्का' नावाने पुढे ओळखला गेलेला पंथ लोकांसमोर आणला. वर्षातील आठ सणांचे त्यांचे चक्रही विसाव्या शतकाच्या मध्यालाच जुळविले गेले. रॉनल्ड हटन या इतिहासकाराने १९९९ साली हे सारे साधार मांडले. पण यावरून आम्ही टाळी पिटावी असे नाही. नवे ते खोटे असा न्याय लावला, तर पहिल्या शतकात आपले काय झाले असते?

खरा भेद आम्हांला दुसरीकडे दिसतो. आमच्या आजीला निसर्ग हा 'वैयक्तिक मार्ग' नव्हता. पाऊस लांबला तर चूल थंड राही. साप निघाला तर ती क्रूसाची खूण करी आणि काठीही शोधी. तिला निसर्गाची माया होती, तसे भयही होते. शहरात राहून सुट्टीच्या दिवशी पहाट पाहणाऱ्याला यातले अर्धेच भेटते. डिसेंबर २००४ मध्ये ज्या समुद्राने किनाऱ्यावरची लेकरे ओढून नेली, त्या समुद्रापुढे आपण कशाची क्षमा मागणार, आणि तो ती देणार कोणत्या तोंडाने? झाड सावली देते, पण पापनिवेदन ऐकत नाही. आसीसीच्या संत फ्रान्सिसने सूर्याला भाऊ म्हटले, पृथ्वीला बहीण आणि आईही म्हटले, पण स्तुती केली ती प्रभूची. भाऊ-बहीण म्हणावयाचे तर दोघांचा पिता एकच असावा लागतो. येथे आम्ही तसूभरही मागे सरत नाही.

तथापि येथेच थांबलो, तर पत्रातील चिंचेचे काय? आठव्या शतकात संत बोनिफस यांनी जर्मनीत गाइस्मार येथे डोनार देवाचा ओक वृक्ष तोडला आणि त्याच्या लाकडाचे प्रार्थनामंदिर बांधले, ही कथा आम्हांला सेमिनरीत मोठ्या उत्साहाने सांगितली गेली. त्याआधी, ६०१ साली, पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडमधील मिशनऱ्यांसाठी मेलितुस यांना पाठविलेले पत्र तेवढ्या उत्साहाने कोणी सांगितले नाही. मूर्ती काढा, पण मंदिरे पाडू नका. पवित्र पाणी शिंपडून तीच वापरा, म्हणजे लोक ओळखीच्या जागी येतील, असा त्याचा आशय आहे. बोनिफस यांनी एका खोट्या देवाला आव्हान देण्यासाठी कुऱ्हाड उचलली. आम्ही कोणत्या देवाला आव्हान दिले? चौदा मोटारींची सोय केली.

१९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने एका निबंधात पर्यावरणाच्या संकटाचे खापर ख्रिस्ती विचारावर फोडले. आरोप एकांगी होता, असे आमचे मत आहे. पण त्यानेच संत फ्रान्सिसला पर्यावरणाचा आश्रयदाता करा असे सुचविले आणि १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी तशी घोषणा केली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्र २०१५ साली आले. कागदावर आपण मागे नाही. वसईतील बावखले मात्र एकामागून एक बुजली आणि बुजविणाऱ्यांत आपलीही माणसे होती, हे वाचकांना सांगावयास नको. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेऱ्याला आम्ही भाताच्या कणसांना आशीर्वाद देतो. हल्ली ती कणसे कोठून आणावीत, हा प्रश्न पडतो.

मुलीला आम्ही दुसरे पत्र लिहिले. चिंचेबाबत आमचे चुकले, असे त्यात स्पष्ट लिहिले आणि सूर्याबाबत आमचे म्हणणे बदललेले नाही, हेही लिहिले. नाताळात ती घरी येणार आहे. तिचे उत्तर एका ओळीचे आहे : "फादर, झाड तोडण्याआधी तुम्ही कोणाला विचारले होते?"

धर्मग्राम समितीला विचारले होते. कंत्राटदाराला विचारले होते. पत्र अजून मेजावर आहे.