पानिपत : एका शब्दाचे ऋण

विशेषनामाचे सामान्यनाम होणे ही भाषेतील परिचित घटना आहे. परंतु रणभूमीचे नाव जेव्हा वाक्प्रचारात शिरते, तेव्हा अर्थाबरोबर नीतीचाही प्रश्न उभा राहतो. दिल्लीच्या उत्तरेस असलेल्या पानिपतच्या नावातील 'पत' हे 'प्रस्थ' या संस्कृत शब्दाचे झिजलेले रूप मानले जाते. तेथे १५२६, १५५६ आणि १७६१ अशा तीन मोठ्या लढाया झाल्या. मराठीच्या स्मरणात राहिली ती तिसरी, आणि 'पानिपत होणे' याचा अर्थ सर्वनाश होणे असा झाला.

युरोपीय भाषांतही अशी नावे आहेत. इंग्रजीत 'वॉटर्लू' म्हणजे निर्णायक पराभव. पण १८१५ची ती लढाई इंग्रजांनी व त्यांच्या मित्रांनी जिंकली होती. तो शब्द जेत्याने घडवलेला आहे. फ्रेंच मनुष्य मात्र दाणादाण उडाली की 'बेरेझिना' म्हणतो. १८१२ साली रशियातून माघार घेताना नेपोलियनच्या सैन्याने ही नदी अपार मनुष्यहानी सोसून ओलांडली. हंगेरीत नुकसान सोसणाऱ्याला सांगतात, की मोहाचला याहून अधिक गमावले होते. ऑटोमन तुर्कांकडून झालेला तो पराभवही १५२६चाच. तेथे पराभव हे दुःख मोजण्याचे माप ठरते.

'पानिपत' हा शब्द मूळचा या दुसऱ्या, पराभूतांच्या कुळातला. पराभवाची वार्ता पेशव्यांना सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत कळली, असे परंपरा सांगते. त्यात भाऊसाहेब व विश्वासराव ही दोन मोत्ये होती, सरदार मोहरा होते. उरलेले रुपये आणि खुर्दा गणतीबाहेर. मोत्यांची नावे इतिहासाने जपली. ज्यांची गणतीच झाली नाही, त्या शिपायांची, बुणग्यांची, यात्रेकरूंची सामायिक आठवण म्हणून भाषेपाशी हा एकच शब्द उरला.

आज मात्र निवडणुकीत वा क्रिकेटच्या सामन्यात प्रतिपक्षाचे 'पानिपत' केले जाते. क्रियापद बदलले, 'होणे'चे 'करणे' झाले, आणि त्याबरोबर शब्दाने कूळही बदलले. आपला शोक दुसऱ्याच्या उपहासाचे साधन झाला.

भाषेवर पहारा बसवता येत नाही आणि बसवूही नये. शब्द वापराने झिजणारच. तथापि लेखकाचे उत्तरदायित्व त्यामुळे संपत नाही. पानिपतच्या रहिवाशांना हे नाव केवळ आपल्या गावाचे आहे. त्यांच्यावर या स्मृतीचा भार नाही. तो वाहायचा आहे तो मराठी बोलणाऱ्यांनी, कारण त्या खुर्द्याचा हिशेब याच भाषेकडे थकलेला आहे.